बेसच्या तारा मागवण्याआधी टेप हातात घ्या

पत्र: दोन वर्षांपूर्वी चार तारांचा, फेंडरच्या प्रिसिजन धाटणीचा जुना बेस गिटार घेतला. आमचा ऑर्केस्ट्रा जुनी हिंदी-मराठी गाणी वाजवतो. गणपती, हळदी, मंडळाचे वर्धापनदिन अशा सुपाऱ्या असतात. मी बोटांनी वाजवतो, स्लॅप (अंगठ्याने तारेवर ठोके) करत नाही. ‘तार जाड तर आवाज भरदार’ असं ऐकून गेल्या वर्षी निकेलचा ५०-११० चा सेट चढवला. तारा फ्रेटबोर्डपासून उचलल्या गेल्या म्हणून ओळखीतल्या एकाने ट्रस रॉड (मान सरळ ठेवणारी आतली सळई) आवळून दिला. ई तार तर पहिल्या दिवसापासून बद्द वाजते. त्यात पावसाळ्यात तीन महिन्यांतच सगळ्या तारांवर तांबूस डाग पडले. आता नवा सेट मागवायचा आहे. दुकानदार म्हणतात, कोटेड (लेप दिलेल्या) घ्या, फ्लॅटवाउंडच्या (सपाट पट्टी गुंडाळलेल्या तारांच्या) नादी लागू नका, त्या स्टेजवर ऐकूच येत नाहीत. काय करू? आणि जुन्या तारा उकळून पुन्हा वापरता येतात का?
— सु. म., चिपळूण

उत्तर: सु. म., तुम्ही काय वाजवता, कसं वाजवता आणि कुठे राहता, हे पाहिलं तर तुमच्या बेसला फ्लॅटवाउंडच हव्यात. स्टेनलेस स्टीलच्या, लाँग स्केलच्या, गेज (जाडी) ४५-१०० किंवा ४५-१०५. दुकानदारांचा आक्षेप अगदीच हवेतला नाही, त्याकडे पुढे येऊ. मात्र सेट कितीही चांगला आणला तरी ई तार पुन्हा बद्द वाजण्याची शक्यता आहे, कारण तिचं दुखणं बहुधा तार बसवताना सुरू झालेलं आहे. म्हणून हे उत्तर खरेदीपाशी संपणार नाही.

आधी पाकिटावरचे आकडे. ४५-६५-८५-१०५ म्हणजे जी, डी, ए, ई या तारांची जाडी, इंचाच्या हजारांश भागात. ४५ म्हणजे ०.०४५ इंच, सुमारे १.१४ मिलिमीटर. १०५ म्हणजे २.६७ मिलिमीटर. पाच हजारांश इंचाचा फरक तो काय, असं वाटतं, पण तारेचं वजन जाडीच्या वर्गाने वाढतं आणि तोच सूर, तीच लांबी ठेवली तर ताणही त्याच प्रमाणात वाढतो. १०५ ऐवजी ११० लावली की त्या एका तारेचा ताण जवळपास १० टक्क्यांनी वाढला. बेसच्या एकेका तारेवर साधारण १६ ते २३ किलोचा ताण असतो. चौघी मिळून मान किती खेचतात याचा हिशोब तुम्हीच करा.

तुमच्याकडे नेमकं हेच घडलं. जाड तारांनी मान पुढे वाकवली, मधल्या फ्रेटांवर (मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांवर) तारा उंच झाल्या, मग ट्रस रॉड आवळून मान पुन्हा सरळ केली. त्या सेटपुरतं ते ठीकच होतं. पण आता हलका सेट चढवलात आणि रॉड तसाच आवळलेला राहिला, तर मान उलटी, मागच्या बाजूला वाकेल. मग पहिल्या चार-पाच फ्रेटांवर तारा खरखरतील आणि दोष नव्या तारांवर जाईल. ‘फ्लॅट लावल्या आणि बेस बिघडला’ या तक्रारीमागे बऱ्याचदा एवढंच असतं.

जाड तारेने आवाज भरदार होतो, हेही अर्धंच खरं. जाड तार घट्ट लागते, जोरात छेडली तरी फार हेलकावत नाही, सूर खाली उतरवून वाजवणाऱ्यांना ती बरी पडते. ई चा सूर डी पर्यंत उतरवला की त्या तारेचा ताण सुमारे २१ टक्क्यांनी घटतो, तिथे ११० कामाला येते. पण सरळ ई-ए-डी-जी लावून बोटांनी वाजवायचं असेल तर तिचा उपयोग थोडा आणि त्रास जास्त. ताठ तारेत वरचे स्वरांश (मूळ सुरासोबत उमटणारे वरचे सूर) नीट जुळून येत नाहीत, आणि वरच्या फ्रेटांवर ई तार बोथट वाटू लागते.

आता गुंडाळणी. बेसच्या तारेत मध्ये पोलादी गाभा असतो, त्यावर दुसरी तार गुंडाळलेली असते. ही वरची तार गोल असेल तर ती राउंडवाउंड. बोटाला खवले लागतात, आवाज चमकदार आणि सरकताना सूं-सूं. वरची गुंडाळणी सपाट पट्टीची असेल तर फ्लॅटवाउंड. गुळगुळीत, आवाजात चमक कमी, सुराचा मूळ गाभा पुढे. गोल तार गुंडाळून नंतर वरून घासून सपाट केली की हाफवाउंड किंवा ग्राउंडवाउंड. दोन्हींच्या मधलं काहीतरी म्हणून त्या घेतल्या जातात, आणि बहुतेकांचं समाधान कुठल्याच बाजूने होत नाही. चौथा प्रकार काळ्या नायलॉनच्या पट्टीचा, टेपवाउंड. आवाज डबल बेसकडे झुकणारा, फ्रेट नसलेल्या बेसवर सुंदर. तुमच्या कामाला मात्र तो नको. बेसमध्ये ब्रिजला (बॉडीवर तारा अडकतात त्या भागाला) अर्थची वायर जोडलेली असते. तुम्ही धातूच्या तारेला हात लावला की गुणगुण कमी होते, कारण तुमचं शरीरही त्या अर्थला जोडलं जातं. नायलॉनने हा संबंध तुटतो आणि मांडवातल्या लाईटच्या डिमरशेजारी बेस गुणगुणत राहतो. (तारेला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर ती गोष्ट वेगळी. तिथे अर्थिंग खराब आहे. वाजवणं थांबवा आणि मांडवाच्या वायरमनला बोलवा.)

फेंडरने १९५१ साली प्रिसिजन बेस बाजारात आणला तेव्हा त्यावर फ्लॅटवाउंडच होत्या. राउंडवाउंड बेसवर रुळल्या त्या साठच्या दशकात, इंग्लंडच्या रोटोसाउंड या तारांच्या कंपनीमुळे आणि ‘द हू’ या रॉक बँडच्या जॉन एंटविसलसारख्या वादकांमुळे. म्हणजे पन्नास-साठच्या दशकांतल्या रेकॉर्डांवर इलेक्ट्रिक बेसचा जो गोल, ठोस, पटकन विझणारा आवाज ऐकू येतो, तो या तारांचा. तुमच्या ऑर्केस्ट्राची गाणी त्याच सुमाराची असतील, तर ढोलकी-तबल्याच्या शेजारी चमचमणारा बेस उपराच वाटेल. तबल्याचा बाया आणि बेसचा ठोका एकमेकांत मिसळायला हवेत, त्यासाठी फ्लॅटसारखी तार नाही.

‘ऐकूच येत नाहीत’ या आक्षेपाला दोन नावांत उत्तर देता येईल. डेट्रॉइटच्या मोटाउन कंपनीच्या रेकॉर्डांवर जेम्स जेमरसनने ला बेला कंपनीच्या जाडजूड फ्लॅट तारांवर वाजवलं, तेही तारा न बदलता, आणि त्या गाण्यांत पहिला ऐकू येतो तो बेसच. दुसरं नाव आयर्न मेडनचा स्टीव्ह हॅरिस. २००८ साली मुंबईत या बँडचा कार्यक्रम झाला. तीन गिटारांच्या गदारोळातून वर येणारा तो खणखणीत बेस रोटोसाउंडच्या फ्लॅटवाउंडचा असतो, ५० ते ११० गेज. (हो, तुमचाच आकडा. पण त्याचा बेस त्या तारांसाठी जुळवलेला असतो, शिवाय हात त्याचे.) जेमरसनच्या तारा जुन्या मुरलेल्या, हॅरिसच्या ताज्या. म्हणून दोघांच्या आवाजात इतकं अंतर.

दुकानदारांचा अनुभव कुठून येतो, तेही समजू शकतं. फ्लॅट लावल्यावर वादकाला आवाज दबल्यासारखा वाटतो आणि तो अँपवरचा बेसचा नॉब वाढवतो. तिथे चूक होते. खुली ई तार ४१ हर्ट्झची. मंडपातले लहान स्पीकर एवढा खालचा सूर नीट देतच नाहीत, आपल्याला ऐकू येतात ते तिचे ८२, १२३ आणि त्यावरचे स्वरांश. बेस वाढवला की नुसती घुमघुम वाढते. तो नॉब मध्यावर ठेवा आणि मिड (मधले सूर) वाढवा, वारंवारता निवडायची सोय असेल तर ५०० ते ८०० हर्ट्झच्या आसपास. बेसवरचा टोनचा नॉब पूर्ण उघडा. राउंडवाउंडवर तुम्ही तो निम्मा बंद ठेवत असाल, इथे गरज नाही.

धातूंचं थोडक्यात. निकेलचा मुलामा दिलेलं पोलाद हा राउंडवाउंडमधला सर्वसाधारण पर्याय. शुद्ध निकेल अधिक मऊ आवाजाचं. स्टेनलेस गंजाला टिकाऊ, पण राउंडवाउंडमध्ये घेतलं तर चमक तीव्र आणि फ्रेट लवकर झिजतात. फ्लॅटमध्ये तोच स्टेनलेस गुळगुळीत पट्टीच्या रूपात असल्याने फ्रेटांना फारसा त्रास देत नाही. राउंडच्या खाचांत घाम, कातडीचा भुगा आणि कोकणातली दमट हवा साचून राहते, तार बद्द होते ती बहुतेक त्यामुळे. फ्लॅटला खाचा नाहीत. राउंडचा सेट तुमच्याकडे तीन महिन्यांत गेला, फ्लॅटचा नीट पुसत राहिलात तर वर्षानुवर्षं चालतो. किंमत राउंडच्या दुप्पट किंवा त्याहून जास्त पडते. पण वर्षाकाठी चार सेट आणि चार वेळचं कुरियर मांडून बघा.

कोणता सेट? डॅडॅरिओच्या क्रोम्स ४५-६५-८०-१०० या फ्लॅटमध्ये त्यातल्या त्यात उजळ. राउंडवरून येणाऱ्याला धक्का कमी बसतो, म्हणून तुमच्यासाठी आमची पहिली पसंती याच. ला बेलाच्या ७६० एफएस ४५-६५-८५-१०५ अधिक गडद, जुन्या आवाजाच्या. व्हिएन्नाच्या थॉमास्टिकच्या जेएफ ३४४ ४३-५६-७०-१०० फार गोड आणि हाताला सैल, पण महाग. जोरात वाजवणाऱ्याला त्या फडफडतात. मांडवात जोर लावायची सवय असेल तर नको. एक लक्षात ठेवा, त्याच जाडीच्या राउंडपेक्षा फ्लॅट बहुधा जास्त ताठ आणि घट्ट असतात, म्हणून ४५-१०० हा आकडा ऐकून हलका समजू नका. तुमच्या आताच्या ५०-११० पेक्षा मात्र तो हलकाच.

एकच अपवाद. तुमच्या यादीत डिस्को, कोळीगीतांचे रीमिक्स, पॉप वाढत असेल आणि मागणी चमकदार बेसची असेल, तर निकेलच्या राउंडवाउंड ४५-१०५ घ्या. तिथे दुकानदारांचा कोटेडचा सल्ला योग्य आहे, दमट हवेत लेप दिलेल्या तारा कितीतरी जास्त टिकतात. त्यांचा लेप प्लेक्ट्रमने (नखीने) किंवा स्लॅपने उसवतो, तुम्ही बोटांनी वाजवता म्हणून तो प्रश्न नाही.

आता टेप. नटपासून (मानेच्या डोक्याकडच्या, तारांच्या खाचा असलेल्या पट्टीपासून) बाराव्या फ्रेटच्या मध्यापर्यंत मोजा आणि दुप्पट करा, हे झालं स्केल. १७ इंच आले तर स्केल ३४, म्हणजे लाँग. १५ आले तर ३०, म्हणजे शॉर्ट स्केल. मग दुसरं माप: तारेच्या टोकाचा गोळा ब्रिजमध्ये जिथे टेकतो तिथपासून नटपर्यंत, आणि नटपासून ई च्या खुंटीपर्यंत. ही दोन मापं फ्लॅटसाठी फार महत्त्वाची. तारेच्या शेवटाला रंगीत धागा गुंडाळलेला असतो, त्याला सिल्क म्हणतात. हे सिल्क नट ओलांडल्यावर, पण खुंटी येण्याआधी सुरू झालं पाहिजे. अलीकडे सुरू झालं तर ते नटवर बसतं आणि सूर मरतो. पलीकडे सुरू झालं तर सपाट पट्टीच खुंटीभोवती वळते, फाकते, कधी तुटते. प्रिसिजन धाटणीच्या डोक्यावर ई ची खुंटी नटच्या सर्वात जवळ असते, म्हणून परीक्षा तिचीच. कंपन्या गोळ्यापासून सिल्कपर्यंतची लांबी देतात, ती तुमच्या मापाशी ताडून मगच मागवा. तारा बॉडीच्या मागून ओवायची सोय तुमच्या बेसला असली तरी फ्लॅट ब्रिजमधूनच ओवा. बॉडीतून येताना तीव्र कोनात वळतात ते त्यांना सोसत नाही.

बसवताना. तारा एकेक करून बदला, चारी एकदम काढू नका, मानेवरचा ताण एकदम जातो. जुनी ई तार काढलीत की तिचं कापलेलं टोक बघा. गुंडाळणी गाभ्यावरून सैल होऊन फिरते आहे का? असेल तर तुमचं कोडं सुटलं. तार सरळ असतानाच कापली की टोकाची गुंडाळणी सुटते आणि तो सैलपणा आत सरकत जातो. गाभा आणि गुंडाळणी एकजीव कंप पावत नाहीत, तार बद्द. गाभा षट्कोनी असेल तर कडा गुंडाळणीला धरून ठेवतात, गोल असेल तर धोका जास्त. म्हणून क्रम असा: गोळा ब्रिजमध्ये अडकवा, तार नटवरून खुंटीकडे आणा, दुसरं टोक मोकळं सोडून तारेतला पीळ आपसूक निघू द्या. पीळ राहिलेली तार गोल न फिरता लंगडत कंप पावते आणि ट्यूनरचा काटा नाचवते. मग तार खुंटीच्या पुढे ई साठी साधारण १० सेंटिमीटर, बाकीच्यांसाठी १२ सेंटिमीटर सोडून पक्कडीने काटकोनात दुमडा. दुमडल्यानंतर, दुमडीच्या पुढे कापा. टोक खुंटीच्या मधल्या भोकात घाला आणि वेढे वरून खाली उतरवत दोन ते तीन घ्या. ए तारेला एखादा वेढा जास्त. प्रिसिजनच्या डोक्यावर डी आणि जी ला दाबून धरणारी चकती असते, ए ला नसते, म्हणून वेढे कमी पडले तर ती नटमध्ये कुजबुजते.

सूर लावल्यावर अंगठ्याने प्रत्येक तार नटच्या लगेच पुढे आणि ब्रिजच्या सॅडलच्या (तार टेकते त्या सरकत्या ठोकळ्याच्या) लगेच पुढे हलकी दाबा. ताठ तार तिथे कमान करून उभी राहते, दाबली की कोन स्पष्ट होतो. नव्या तारा बेसूर वाटण्याचं अर्धं कारण या न दाबलेल्या कमानीत असतं.

ट्रस रॉड. नव्या तारा सुरात लावून बेस एक रात्र राहू द्या. मग ई तार पहिल्या फ्रेटवर कॅपो (तार दाबून धरणारा चिमटा) लावून आणि मान बॉडीला जोडते तिथल्या फ्रेटवर, साधारण सतराव्या, बोटाने दाबून धरा. सातव्या-आठव्या फ्रेटवर तार आणि फ्रेट यांत ०.३ ते ०.३५ मिलिमीटर फट हवी, म्हणजे जाडसर व्हिजिटिंग कार्डाएवढी. आमच्या अंदाजाने तुमच्याकडे फटच नसेल. रॉड पाव फेरा सैल करा, डावीकडे, म्हणजे घड्याळाच्या उलट. पुन्हा सूर लावा, पुन्हा मोजा. एका दिवसात अर्ध्या फेऱ्यापेक्षा जास्त नको. रॉड अडला तर जोर लावू नका, कारागिराकडे न्या. तुटलेला ट्रस रॉड तारांच्या सेटपेक्षा कितीतरी महाग पडतो.

मग उंची. सतराव्या फ्रेटवर ई खाली सुमारे २.४ मिलिमीटर, जी खाली २ मिलिमीटर. फ्लॅट कमी हेलकावतात, त्यामुळे हात हलका असेल तर यापेक्षा थोडं खाली जाता येतं. नट तपासायला तार तिसऱ्या फ्रेटवर दाबा. पहिल्या फ्रेटवर कागद जेमतेम सरकेल एवढीच फट असावी. गेल्या वर्षी ११० ची तार बसावी म्हणून कोणी नटची खाच कानशीने खोल केली असेल तर खुली ई आता खरखरेल. खाच भरून काढण्याचे उद्योग करण्यापेक्षा नट बदला. सर्वात शेवटी इंटोनेशन (मानेवर सगळीकडे सूर बरोबर येतो का, ते): बाराव्या फ्रेटवरचा हार्मोनिक (तारेला नुसता स्पर्श करून काढलेला सूर) आणि तिथेच दाबून वाजवलेला सूर. दाबलेला चढा असेल तर सॅडल मागे, उतरलेला असेल तर पुढे. सॅडल हलवण्याआधी तार सैल करा, नाहीतर ती सॅडलवर घासते.

पहिले दोन आठवडे फ्लॅट थोड्या पत्र्यासारख्या वाजतात. त्या आवाजावर निकाल देऊ नका, मुरायला वेळ द्या. गणपतीसाठी हव्या असतील तर आषाढातच चढवा.

उकळण्याबद्दल. राउंडवाउंड दहा मिनिटं उकळली की खाचांतलं तेल-मळ सुटतं आणि तार काही दिवस ताजी वाजते. पण गंज उकळून जात नाही, आणि चिपळूणच्या श्रावणात गुंडाळणीच्या आत राहिलेलं पाणी लवकर वाळत नाही, ते आतून गाभा खातं. शिवाय काढलेली तार त्याच वळणांवर पुन्हा वळवली की खुंटीपाशी तुटते. डाग पडलेल्या तारांवर गॅस जाळू नका. फ्लॅट तर उकळूच नका, मिळवण्यासारखं काही नाही आणि सिल्क भिजून सुटतं.

रोज वाजवून झाल्यावर सुती फडक्याने तारा वरून आणि खालूनही पुसा, घाम खालच्या बाजूला ओघळतो. बेस भिजलेल्या बॅगेत ठेवू नका, बॅगेत सिलिका जेलच्या चार-पाच पुड्या टाका आणि गुलाबी झाल्या की बदला. पावसाळ्यात लाकूड ओल धरतं आणि मान हलते, त्यामुळे जूनअखेर आणि ऑक्टोबरअखेर अशी वर्षातून दोनदा ती सातव्या फ्रेटवरची फट मोजा. तारा न बदलता पाव फेरा इकडे-तिकडे लागला तर त्यात काही वावगं नाही.